दोर साळ्याच्या हाती

शनिवारी सकाळी नीतू पटलेने लॅपटॉप उघडला, तेव्हा एकाहत्तर कामगारांपैकी अडुसष्ट जण मेलेले होते.

एकदाच मेले असते तर तिने मनाची समजूत घातली असती. पण काही जण तीनतीनदा मेले होते. एक तर पाच वेळा मेला होता, आणि त्याचं नाव होतं धनेंद्र पटले, म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. मरून झाल्यावर सगळ्यांनी मागे येऊन बरोबर उत्तराचं बटण दाबलं होतं आणि शंभरपैकी शंभर गुण घेऊन घर गाठलं होतं. उरलेल्या तिघांत एक ऑफिसातला टायपिस्ट होता. बाकी दोघांचा अंगठा चुकून भलतीकडे पडला होता, हे तिला नंतर कळलं.

हे मरण पडद्यावरचं, म्हणून कुणाच्या घरी रडारड झाली नाही. नीतूने मात्र गोंदियातल्या भाड्याच्या खोलीत ती यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, कारण ते मरण तिनेच लिहिलं होतं.

गोष्ट अशी होती. कोहमाऱ्याच्या चौकातून थोडं आत गेलं की उसना तांदळाची एक मोठी मिल लागायची. उसना म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून मग भरडायचं. मिलमध्ये जमिनीखाली पंधरा फुटांचा खड्डा होता. ट्रकमधलं धान त्यात ओतलं जाई आणि पट्ट्याला लावलेल्या डब्यांतून वर चढे. तळाशी सांडलेलं ओलं धान कुजतं, आणि कुजलेल्या धानाने खड्ड्यातली हवा विषारी होते. ती दिसत नाही, वासावर भरवसा ठेवावा तर तोही दगा देतो. माणूस उतरतो आणि दोन मिनिटांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका मिलमध्ये असेच तीन जण गेले होते. पहिला बिचारा कामाने मेला, पुढचे दोघे मायेने मेले.

तांदूळ घेणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याने त्यानंतर अट घातली: सगळ्या कामगारांना ट्रेनिंग द्या, नोंद दाखवा, मगच माल उचलू. मालकाने काम नीतूला दिलं. नागपुरात चार वर्षं तिने हेच केलं होतं, बँकांच्या आणि विम्याच्या लोकांसाठी ऑनलाइन ट्रेनिंग तयार करणं. तिचं ठाम मत होतं की नियमांची यादी वाचून जगात कुणी काही शिकलेलं नाही. माणसाला गोष्टीत घाला, निवड करायला लावा, चुकू द्या, चुकीचं फळ डोळ्यांनी पाहू द्या. मत चांगलंच होतं. पण चांगल्या मताचा माणूस बेसावध असतो.

तिने गोष्ट लिहिली. सोमा खड्ड्यात उतरतो आणि कोसळतो. वर त्याचा सोबती दशरथ उभा आहे. पडद्यावर दोन बटणं येतात: 'उडी मार' आणि 'वरच थांब, मदत बोलाव'. उडी मारली तर दशरथही मरतो, आणि मग सुरू होतो दोघांना वाढवलेल्या म्हाताऱ्याचा विलाप. त्या म्हाताऱ्याचा आवाज दिला होता शालीकरामने. शालीकराम मिलमधला जुना हमाल. चाळीस वर्षं पोती वाहिली आणि चाळीस वर्षं हिवाळ्यात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांतून बापाची कामं केली. त्याच्या रडण्याला बाया घरून पदर सरसावूनच येत. "सोमा गा, दशरथा गा, दोघंही एकाच वाटेनं गेले, आता मी कोणाच्या खांद्यावर जाऊ?" असं तो माइकपुढे म्हणाला, तेव्हा रेकॉर्डिंग थांबवून नीतूनेच नाक पुसलं होतं. तो भाग चार मिनिटांचा झाला.

आणि दुसरं बटण दाबलं तर? हिरवी खूण उमटायची, एक गोड बाई म्हणायची, "शाब्बास! तुमचा निर्णय योग्य आहे," आणि खेळ खलास. अकरा सेकंद.

नीतूने अकराची बस पकडली.

दोन हजार तेराची दिवाळी नुकतीच सरली होती. मिल दहा दिवस बंद होती, फक्त ट्रेनिंगसाठी लोकांना पाळीपाळीने बोलावलं होतं. ती कॅन्टीनमध्ये शिरली तर आठदहा जण एका टॅबलेटभोवती कोंडाळं करून बसलेले. मध्ये तिलक बिसेन, धनेंद्रचा साळा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तेवीस वर्षांचा, अंगाने पहेलवान, मनाने अजून शाळेतलाच.

"अबे तो दाब ना, तो! रडणंवाला!" मागून कोणी ओरडलं.

तिलकने 'उडी मार' दाबलं. शालीकरामचा आवाज कॅन्टीनभर पसरला आणि ती दांडगी माणसं अशी गप्प झाली की चहावाल्यानेही स्टोव्ह बारीक केला. एकाने तर बाहीने डोळे पुसले. विलाप संपताच तिलक मागे गेला, दुसरं बटण दाबलं आणि बाईचं 'शाब्बास' पुरतं यायच्या आत टॅबलेट पुढच्याच्या हातात दिला.

"तिलक, तुझं तर बुधवारीच झालं होतं," नीतू म्हणाली.

"हाव ताई. पण काय आवाज आहे म्हाताऱ्याचा! मंडईत गर्दीत धड ऐकू येत नाही. इथी कसं बसून ऐकता येते."

"पण तुम्ही सगळे आधी उडीच काऊन दाबता?"

पोरं एकमेकांकडे पाहून हसली. तिलकने कान खाजवला. "दुसऱ्या बटनात काहीच नाही ना. एक बाई शाब्बास म्हणते अन् संपते. कोण पाहील ते?" मग त्याचं हसू ओसरलं. "अन् खरं सांगू का ताई, आपला माणूस खाली पडला अन् आपण वर उभं राहून मदत बोलावत बसायचं? लोक थुंकतील तोंडावर. त्या सोमाच्या बायकोले काय सांगल तो दशरथ? का मी वर उभा होतो?"

यावर कुणी हसलं नाही. दोघातिघांनी मान डोलावली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं नीतूला वाटलं. एकाहत्तर माणसांना तिने पैसे घेऊन उडी मारायला शिकवलं होतं, तेही डोळ्यांत पाणी आणून.

ती तडक मॅनेजर चुन्नीलालच्या केबिनमध्ये गेली. चुन्नीलाल खुशीत होता. त्याच्या पाठीमागे भिंतीवर लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र लटकत होतं: शंभर टक्के कामगार प्रशिक्षित.

"मॅडम, कमाल कर दिया. सबके सब पास! सेठजीने फोटो खींचकर पार्टी को भेज भी दिया."

"चुन्नीलालजी, ते पास झाले नाहीत. ते चुकीचं शिकले."

"नंबर तो सौ है."

तिने समजावलं. त्याने ऐकलं, म्हणजे ती बोलत होती तेवढा वेळ तो गप्प बसला. मग त्याने टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. सोमवारचं काम होतं. सकाळी आठ वाजता खड्ड्याची सफाई. खाली उतरणार धनेंद्र पटले, वर राहणार तिलक बिसेन.

"सफाईला बाहेरचा ठेकेदार येतो ना दरवर्षी? त्याची माणसं, त्याचं सामान?"

"ठेकेदार काहे को? अब तो अपने लोग ट्रेंड हैं." चुन्नीलालने अंगठा भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे केला. "मॅडम, सोमवार दुपारपासून नवीन धानाच्या गाड्या लागून राहिल्या. मी काय गाड्या रस्त्यावर उभ्या ठेवू?"

ट्रेनिंग झालं नसतं तर ठेकेदार आला असता. तिच्या शंभर टक्क्यांनी ठेकेदाराला घरी बसवलं होतं आणि तिच्या भावाला खड्ड्याच्या तोंडाशी आणून उभं केलं होतं. तिने मालकाला फोन लावला. मालक रायपूरला लग्नात होता. मागे बँड वाजत होता. "चुन्नीलाल से बात करो बेटा," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणारा तोही होता आणि आज सकाळपर्यंत तीही होती, मग राग कुणावर काढायचा?

धनेंद्रचं घर मिलपासून तीन किलोमीटरवर होतं. तो अंगणात मोटारसायकल पुसत होता. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "दादा, सोमवारी तू सुट्टी टाक."

"कायले?"

"मी सांगते म्हणून."

"मी नाही उतरलो तर दुसरा उतरंल." त्याने फडकं पिळलं. "तुले आपला भाऊ दिसते. बाकीचे कोणाचे भाऊ नाहीत का? अन् मी नाही म्हटलं तर चुन्नीलाल केशोरावले पाठवंल. त्याचे गुडघे गेलेले. तो शिडीवरूनच पडंल."

"मग निदान पाच वेळा उडी काऊन मारली ते तरी सांग."

धनेंद्र ओशाळला. "आपले बाबा असेच बोलत होते ना वो, त्या शालीकरामसारखे. आवाज ऐकावा वाटते."

त्यांच्या वडिलांना, लखनलालना, जाऊन सहा वर्षं झाली होती. नीतूलाही रेकॉर्डिंगच्या वेळी तेच वाटलं होतं.

दारात वहिनी उभी होती, भूमेश्वरी. तिने सगळं ऐकलं होतं. चहाचा कप नीतूच्या हातात देत ती थंडपणे म्हणाली, "माझ्या नवऱ्याले खाली अन् माझ्या भावाले वर. एक पडला तर दुसरा उडी मारल्याशिवाय राहणार नाही, मी माझ्या भावाले ओळखतो. दोघं एकाच खड्ड्यावर कोणी ठेवले, नीतूबाई?"

नीतूने कप न पिताच खाली ठेवला. वहिनीला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. तिला ते नणंदेच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मी ठेवले," नीतू म्हणाली.

"मग तूच काढ," भूमेश्वरी म्हणाली आणि आत गेली.

रविवारी सकाळी नीतू केशोरीला गेली. शालीकरामच्या नाटकाचा तिथे संध्याकाळी प्रयोग होता. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत मांडव पडला होता आणि म्हातारा मांडवामागे खाटेवर बसून दाढी करत होता. तिने सांगितलं तसा त्याचा वस्तरा गालावरच थांबला.

"म्हणजे माझ्या रडण्यापायी पोरं उडी मारतात?"

"तुमच्या नाही, माझ्यापायी. मी सगळं रडणं उडीच्या बटणामागे ठेवलं. आता मला ते दुसऱ्या बटणामागे न्यायचं आहे. वर थांबणाऱ्याची गोष्ट पाहिजे. तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करते."

शालीकरामने मान हलवली. "नाही होत, पोरी. वर थांबणाऱ्याचं नाटक नाही होत. चाळीस वर्षं स्टेजवर आहो मी. ज्याचे हात रिकामे, तो भेकड दिसते. त्याले किती चांगलं बोलायले लाव, लोक म्हणतीन, पळपुटा आहे."

"पण तो मदत बोलावतो ना!"

"बोलावते म्हणजे ओरडते. ओरडणारा काय, बायाही ओरडतात अन् कोंबडेही ओरडतात." त्याने दाढीचा फेस पुसला आणि बराच वेळ मांडवाच्या दोरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याच्या हातात काही दे."

"काय देऊ?"

"आमच्या गावात विहिरीचा गाळ काढाले माणूस उतरला ना, तर त्याच्या कमरेचा दोर कोणालेही धरू देत नव्हते. त्याच्या साळ्याले बोलावत. मग तो चार गावं दूर का असेना. कायले, सांग बरं? ज्याच्या बहिणीचं कुंकू खाली उतरलं, त्यानं दोर धरायचा. तो दोर सोडंल का? हात तुटला तरी नाही सोडत. अन् त्याले एकच सांगत, पाय हालवू नोको. खालून बोंब आली, दोर ढिला पडला, काही झालं तरी पाय हालवू नोको. तुझा पाय हालला तर दोन घरं बुडली. माझ्या बापानं माझ्या मामाचा दोर धरला होता... नाही, उलटं. मामानं माझ्या बापाचा. म्हणून तर मी जन्मलो."

नीतूने मोबाइल पुढे धरला. "काका, हेच बोला. असंच."

तिने तिथेच मांडवामागे बसून गोष्ट पुन्हा लिहिली. दशरथ आता नुसता सोबती राहिला नाही, सोमाचा साळा झाला. त्याच्या हातात दोर आला. सोमा कोसळतो, दोर ताठ होतो, दशरथचा पाय खड्ड्याकडे उचलतो, आणि मागून म्हातारा गरजतो: "पाय हालवू नोको, दशरथा! ओढ!" मग एकेक ओढ. एक. दोन. तीन. प्रत्येक ओढीला म्हाताऱ्याचा आवाज चढत जातो, अकराव्या ओढीला सोमाचं डोकं वर दिसतं, आणि तेव्हा कुठे म्हातारा रडतो. शालीकरामने ते एकाच दमात केलं. मांडव बांधणारे दोघे हातातलं काम टाकून ऐकत उभे राहिले होते. त्यातल्या एकाच्या मुठी आपोआप आवळल्या होत्या, ते नीतूने पाहिलं.

आणि 'उडी मार'? त्यामागचे सगळे आवाज तिने काढून टाकले. ते बटण दाबलं की पडदा काळा, आणि दोन शब्द: दोघे गेले.

ती रात्र तिने भावाच्या घरी लॅपटॉपपुढे काढली. पहाटे डोंगलला कशीबशी रेंज आली आणि नवीन गोष्ट वर चढली.

सोमवारी साडेसातला ती चुन्नीलालपुढे उभी राहिली. "पंधरा मिनिटं द्या. नवीन ट्रेनिंग पाहिल्याशिवाय कुणी उतरणार नाही. आणि जुनं प्रमाणपत्र रद्द झालं असं त्या परदेशी पार्टीला मी लिहून कळवणार आहे, तुम्ही द्या किंवा नका देऊ."

चुन्नीलालने घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "पंद्रह मिनट. सोलह नहीं."

पंधरा जण टॅबलेटभोवती जमले. कुणीतरी सवयीने उडीचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"हे काय? रडणं कुठी गेलं?"

"बिघडलं वाटते."

"दुसरं दाबा," नीतू म्हणाली.

चार मिनिटं कुणी हललं नाही. अकराव्या ओढीला केशोरावने तोंडावरून हात फिरवला. तिलक तर पडद्याकडे पाहतच नव्हता, तो आपल्या तळहातांकडे पाहत होता. संपलं तसा तो उठला आणि मोठ्याने म्हणाला, "दोर कुठी आहे?"

मिलमध्ये खड्ड्यासाठी असा दोर कधी नव्हताच. ट्रकच्या ताडपत्रीचा जाड दोर सोडून आणला. धनेंद्रच्या काखेखालून छातीला वेढे दिले. तिलक पुढे, त्याच्यामागे केशोराव आणि आणखी दोघे. हवा मोजायचं यंत्र नव्हतं. नीतूने ते मागितलं तर चुन्नीलाल "मंगवा लेंगे" म्हणाला. मोठा पंखा मात्र अर्धा तास खड्ड्यात हवा फेकत होता. तो चालू असेपर्यंतच उतरायचं असं ठरलं. तेवढ्याने नीतूचं समाधान झालं नव्हतं, पण तिचा शब्द तेवढाच चालला.

धनेंद्र उतरला. वरून त्याचं पिवळं शिरस्त्राण दिसत होतं. फावड्याचा आवाज येत होता. कुजलेल्या धानाचा आंबूस वास वर आला. एक घमेलं वर आलं, दुसरं आलं. नीतू मनात आकडे मोजत होती, कशाचे ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

सातव्या घमेल्याला लाइट गेली.

पंख्याची पाती फिरत फिरत थांबली आणि मिलमध्ये चिमण्यांचा चिवचिवाट ऐकू यायला लागला. "भाऊजी, वर या!" तिलक ओरडला.

"हाव, येतो," खालून आवाज आला. अगदी साधा, घरातून यावा तसा. धनेंद्रने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवताना त्याचा हात सुटला. शिरस्त्राण शिडीवर आपटलं, मग काहीच ऐकू आलं नाही.

दोर ताठ झाला. तिलकचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला, वीतभर, खड्ड्याच्या दिशेने. नीतूला तो पाय दिसला. पुढे काय झालं ते तिला नीट आठवत नाही. तिला फक्त खालचा तो पिवळा ठिपका दिसत होता आणि तोंडातून "दादा, दादा" निघत होतं. भानावर आली तेव्हा तिच्या हातात शिडीचं लोखंड होतं आणि एक पाय खड्ड्यात पायरी शोधत होता.

"ताई!" तिलक गरजला. त्याचा पाय परत जमिनीवर गाडल्यासारखा टेकला होता. दोन्ही हातांत दोर, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. "पाय नोको हालवू! वर ये! दोर धर!"

तो आवाज तिलकचा नव्हता. तो मांडवामागचा होता, तिने स्वतः मोबाइलमध्ये भरून आणलेला. नीतू वर आली. कशी आली कोण जाणे. तिने तिलकच्या पुढे दोर धरला, आणि पाचही जणांनी ओढला.

केशोराव मोजत होता. एक. दोन. खालचा देह शिडीला अडकला, त्यांनी थोडं सैल सोडून पुन्हा ओढलं. सहा. सात. तिलकच्या तळहातांतून दोर सरकला आणि त्यावर लाल उमटलं. त्याने मूठ सोडली नाही. तेराव्या ओढीला धनेंद्रचं डोकं वर आलं, ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी त्याला फरफटत उघड्यावर नेलं. कुणी छाती चोळली, कुणी वारा घातला. नीतू त्याच्या तोंडाला कान लावून बसली. बऱ्याच वेळाने, म्हणजे अर्ध्याएक मिनिटाने, तो खोकला.

चुन्नीलालची जीप होती, त्यात घालून त्याला सडक अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. चुन्नीलाल स्वतः गाडी चालवत होता. उतरताना खालच्या मानेने म्हणाला, "मशीन आज ही मंगवाता हूँ. ठेकेदार को भी." नीतूला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. मग तिला भिंतीवरचं प्रमाणपत्र आठवलं आणि तिचा हात जागीच राहिला.

दुपारी भूमेश्वरी आली. नवरा ऑक्सिजन लावून झोपला होता. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी सोडू. तिने नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, श्वास पाहिला. मग वळून बाकावर बसलेल्या भावाकडे गेली. तिलकच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. तो बहिणीकडे बघायला तयार नव्हता.

"बाई, मी वर उभा होतो," तो म्हणाला. "भाऊजी पडले अन् मी वर उभा होतो. उतरलो नाही." आणि त्या पहेलवान पोराला रडू कोसळलं.

भूमेश्वरीने त्याचे पट्टी बांधलेले हात उचलले आणि आपल्या कपाळाला, कुंकवाला लावले. "येडा आहे का तू? भाऊबीजेची ओवाळणी आज भेटली मले."

नीतू दारात उभी होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि सरकून बाकावर जागा केली. नीतू जाऊन बसली.

संध्याकाळी धनेंद्रला जाग आली. मास्क बाजूला करून त्याने बहिणीला जवळ बोलावलं. "तू उतरून राहिली होती म्हणते केशोराव. खरं का?"

"हाव."

"काऊन वो? तूच तर लिहिलं होतं ना, उतरू नोको म्हणून. रातभर बसून."

नीतूने मास्क त्याच्या तोंडावर परत लावला. मग खिडकीजवळ जाऊन लॅपटॉप उघडला. सकाळच्या पंधरा जणांची नोंद आली होती. त्याखाली जुनी यादी होती, एकाहत्तर नावांची. तिने शेवटी एक ओळ वाढवली आणि स्वतःच्या हाताने भरली. क्रमांक बाहत्तर, नीतू लखनलाल पटले. पहिली निवड: उडी मार. पुन्हा ट्रेनिंग आवश्यक.